केतकीच्या नावाचे डबे

"खोके वर आणून ठेवा आणि मग खालीच बसा," कुमुद म्हणाली. "आज वर पुरुषांचं काम नाही."

मी बेसमेंटमधला पहिला खोका उचलला आणि माझ्या कमरेने ताबडतोब निषेध नोंदवला.

"यात काय दगड भरलेत?"

"वाण आहे."

"एवढं जड? दरवर्षी तर प्लास्टिकच्या चाळण्या देतेस."

"यंदा स्टीलचे डबे. प्रश्न कमी विचारा आणि पायरी बघून चढा."

कुमुदने प्रश्न कमी विचारा म्हटलं की एकही विचारायचा नाही, एवढं शहाणपण मला संसारात आलं आहे. मी खोके वर नेले. त्यांच्यावरची चिकटपट्टी वाळून पिवळी पडली होती, हात लावताच सुटत होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या बेसमेंटमध्ये पिवळं न पडलेलं काहीच नव्हतं, मीसुद्धा.

याला आता बरीच वर्षं झाली. आमची केतकी तेव्हा आमच्या राज्याच्या ॲटर्नी जनरलपदासाठी उभी होती. आपल्याकडे असल्या पदावर सरकार माणूस नेमतं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत त्याला लोक निवडून देतात. राज्याचा सर्वात मोठा वकील, आणि त्याने थंडीत दारोदार हिंडून मतं मागायची! मला आधी हसू आलं होतं. पण पोरगी उभी राहिली तसं हसू गेलं आणि मीही लोकांच्या अंगणात तिच्या नावाच्या पाट्या ठोकत हिंडू लागलो.

मार्चमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत फेरी होती. समोर वॉल्टर हॅगर्टी नावाचे मुरलेले गृहस्थ होते. केतकीने कॉलेज संपल्यापासून सरकारी वकिली केली होती आणि तिचा सगळा प्रचार एकाच गोष्टीवर उभा होता. निवडणुकीत उमेदवाराने कोणाला काही देऊ नये आणि कोणाकडून काही घेऊ नये. हे ती इतक्या ठिकाणी इतक्यांदा बोलली होती की मला झोपेतही पाठ म्हणता आलं असतं.

तर हळदीकुंकू. वर बायकांची पावलं वाजू लागली, हसणं ऐकू येऊ लागलं, आणि मी खाली टीव्हीसमोर उपाशी बसलो. शेवटी न राहवून जिन्यात येऊन डोकावलो. कुमुद दाराशी उभी राहून येईल तिला कुंकू लावत होती. मराठी, तेलुगू, गुजराथी, पलीकडची घटस्फोट झालेली लिंडा, लिंडाची विधवा आई, कोणालाही सोडत नव्हती. महाडला तिच्या आईच्या घरी हे चाललं नसतं. कुमुदचं म्हणणं, महाड खूप लांब आहे.

तेवढ्यात केतकी आली. दुसऱ्या सभेहून धावतपळत, कोटावर प्रचाराचा बिल्ला तसाच. तिने बायकांना तिळगूळ दिला आणि आपल्या त्या अमेरिकन वळणाच्या मराठीत म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि मार्चमध्ये मला मत द्या!" बायका खो खो हसल्या. कोणीतरी मोबाईलवर ते टिपलं. तिच्या शेजारी उभी राहून कुमुद एकेकीच्या हातात डबा ठेवत होती. केतकी दोन घास खाऊन निघूनही गेली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी डॉना आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. डॉना म्हणजे केतकीच्या प्रचाराची प्रमुख, उभी-आडवी बाई, तोंडात कायम च्युइंगगम. त्या दिवशी च्युइंगगम नव्हतं. मागोमाग केतकी आली. कुमुदने सवयीने दोघींपुढे पोहे ठेवले. त्यांना कोणी हात लावला नाही.

डॉनाने टेबलावर एक फोटो ठेवला. लिंडाने हौसेने फेसबुकवर टाकलेला. स्टीलचा डबा, आणि खाली लिंडाने लिहिलेलं की, आमच्या भावी ॲटर्नी जनरलच्या घरून मिळालेली सुंदर भेट, हिच्यावर तिचं नावसुद्धा कोरलं आहे, असं एकीने वाचून दाखवलं.

"हॅगर्टीच्या माणसांनी निवडणूक मंडळाकडे तक्रार केलीय," डॉना म्हणाली. "उमेदवाराने मतदारांना नाव कोरलेल्या वस्तू वाटल्या आणि त्याच वेळी मत मागितलं. मत मागतानाचा व्हिडिओ त्यांच्याकडे आहे. लिंडाचा डबाही त्यांनी मंडळाकडे जमा करवलाय."

"हे सिद्ध झालं तर?" मी विचारलं.

उत्तर केतकीने दिलं. "मतपत्रिकेवरून माझं नाव जाईल, बाबा. आणि मग वकिलीच्या सनदेचीही चौकशी लागेल."

मी फोटो उचलला. डब्याच्या पोटावर सुबक अक्षरांत 'केतकी' स्पष्ट दिसत होतं. पुढची अक्षरं वळणावरून पलीकडे गेली होती. भांड्यावर नाव घालायची हौस आम्हा लोकांना किती, ते मी काय सांगू! आमच्या घरात चमच्यावर माझ्या मामाचं नाव आहे आणि पातेल्यावर कोणा एका गोदावरी वहिनींचं, ज्यांना आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. पण निवडणुकीच्या तोंडावर उमेदवाराचं नाव?

"कुमुद," मी म्हणालो, "त्यावर काय लिहिलंय?"

"दिसतंय ना. केतकीचं नाव."

"आणि पुढे?"

"पुढे काय असतं? भांड्यावर नाव असतंच. बिननावाचं भांडं कधी परत येतं का?"

"आई," केतकी म्हणाली. आवाज तिने कोर्टात ठेवावा तसा ठेवला होता. "माझं नाव का घातलंस?"

कुमुद ओट्याकडे वळली आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसू लागली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी येते ना तुमच्या त्या मंडळापुढे. सांगते की पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं."

"ते पुरणार नाही," डॉना इंग्रजीत म्हणाली. तिला मराठी कळत नव्हती, पण कुमुदची पाठ कळली असावी.

"मी कोणाला तरी फोन करतो," मी म्हणालो. "डबा पाहून सांगतील काय लिहिलंय ते."

"नाही!" केतकी एकदम उठली. "कोणालाही फोन करायचा नाही. डबा मिळालेल्या एकाही बाईशी बोलायचं नाही. त्या उद्या साक्षीदार असतील. मी साक्षीदारांशी बोलले, तुम्ही बोललात, तर संपलंच सगळं."

"अगं, पण लिंडा रोज कुंपणाशी भेटते."

"गुड मॉर्निंग चालेल. त्याच्यापुढे नाही."

पोरीचा बाणा तो. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी तिला हलवून सांगावंसं वाटलं की बाई, घर जळतंय आणि तू कसले नियम पाळतेस.

कुमुदला मी एकांतात पुन्हा विचारलं. रागावून, समजावून, शेवटी अजीजीने. तिचं एकच, "चुकलं म्हटलं ना." आणि केतकी तिच्याशी कामापुरतं बोलू लागली. त्या दोघींत तसाही एक विषय कायमचा बंद होता. पूर्वी एकदा केतकीचं लग्न ठरलं होतं, मुलगा चांगला होता, हॉलही ठरला होता, आणि महिन्यावर आलं असताना केतकीनेच नाही म्हटलं. तेव्हा ती आईला म्हणाली होती की, "यापुढे या घरात माझ्या लग्नाचा विषय निघाला तर मी यायची बंद होईन." तेव्हापासून कुमुदने तो शब्द उच्चारला नव्हता. दुसऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिकाही ती केतकी आली की फडताळात ठेवून द्यायची. आता त्या शांततेत ही नवी शांतता मिसळली, आणि घरात फ्रिजचा आवाज ऐकू येऊ लागला.

सुनावणी राज्याच्या राजधानीच्या गावी होती. सकाळी बर्फ भुरभुरत होता, गाडी मी चालवत होतो, मागे कुमुद तिची जांभळी नारायणपेठ नेसून बसली होती. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तिथे पेपरवाले असतील का हो?"

"असणारच."

"मग मी जपून बोलेन."

"जपून बोलू नकोस," मी वैतागून म्हणालो. "खरं बोल."

ती खिडकीबाहेर बघू लागली.

खोली कॉलेजच्या वर्गासारखी होती. मधोमध मंडळाच्या अध्यक्षबाई, चष्मा साखळीला अडकवलेला. एका बाजूला हॅगर्टींचा वकील, दुसऱ्या बाजूला केतकी एकटीच. डॉनाने वकील द्यायचा आग्रह केला होता, पण केतकी म्हणाली होती, "स्वतःची बाजू मांडता येत नसेल तर मी राज्याची काय मांडणार?" समोरच्या टेबलावर लिंडाचा डबा, त्याला पुराव्याची चिठ्ठी बांधलेली. मागच्या रांगेत लिंडा नाक पुसत बसली होती. तिला वाटत होतं की सगळं तिच्यामुळे झालं.

हॅगर्टींचा वकील नीटनेटकं बोलला. व्हिडिओ दाखवला. केतकी हसत मत मागतेय, शेजारी कुमुद डबे देतेय. पाहताना मलाच वाटू लागलं की आम्ही गुन्हेगार आहोत. "उमेदवाराच्या नावाची वस्तू," तो म्हणाला. "खास या निवडणुकीसाठी बनवून घेतलेली. आणि ही बाई आपल्याला स्वच्छ निवडणूक शिकवते."

"नावाखेरीज त्यावर आणखी मजकूर दिसतो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तो काय आहे?"

"प्रचाराचाच असणार," वकील म्हणाला.

"असणार म्हणून चालत नाही. दुभाषी आल्या आहेत ना?"

विद्यापीठात शिकवणाऱ्या कोणी पल्लवी वानखेडे पुढे आल्या. आमची त्यांची ओळख नव्हती. नाव ऐकून मी मनात म्हटलं, वऱ्हाडाकडच्या दिसतात. त्यांनी शपथ घेतली, डबा हातात घेतला आणि उजेडाकडे धरून सावकाश फिरवला. एकदा वाचलं. मग मान वर करून थेट केतकीकडे पाहिलं, आणि पुन्हा वाचलं.

माझ्या शेजारी कुमुदने माझा हात धरला. आमच्या पिढीत चारचौघांत असे हात धरत नाहीत. मी दचकलो.

"आधी मूळ मजकूर वाचते," वानखेडेबाई म्हणाल्या आणि मराठीत वाचू लागल्या. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी केतकी हिच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट. कुमुद आणि विद्याधर टिपणीस." आणि त्याखाली मे महिन्यातली एक तारीख. साल आठ वर्षांपूर्वीचं.

मग त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. हॅगर्टींच्या वकिलाने पेनाचं टोपण लावलं.

आईकडे वळून बघायचं सोडून केतकी समोरच्या डब्याकडे बघत राहिली. मला तर ते खोके आता डोळ्यांसमोर दिसायला लागले. कुमुदच्या भावाने महाडहून बोटीच्या पार्सलने पाठवलेले. लग्न मोडलं तेव्हा कुमुद म्हणाली होती की, देऊन टाकले सगळे देवळात. मी बावळट, विश्वास ठेवला. आणि परवा स्वतःच्या हाताने ते वर वाहून नेले.

"मिसेस टिपणीस," अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे तुम्ही तुमच्या मुलीच्या लग्नासाठी करून घेतले होते?"

कुमुद उभी राहिली. वानखेडेबाई तिचं बोलणं इंग्रजीत सांगू लागल्या.

"हो. ते लग्न झालं नाही. हे पेपरात येऊ नये म्हणून मी गप्प होते. माझ्या लेकीला तो विषय आवडत नाही. तिला डब्यांचं काही माहीत नव्हतं."

"मग आता का वाटलेत? तुमची मुलगी निवडणुकीला उभी असताना?"

"संक्रांत होती. संक्रांतीला आलेल्या बाईला वाण देतात. मी दर वर्षी देते, पोरगी उभी असो की बसलेली असो."

"मत मिळावं म्हणून नाही?"

कुमुदला याचा खरोखर राग आला. पदर खोचायच्याच बेतात होती.

"अहो, वाण देऊन काही मागत नाहीत! परत काही मागितलं तर ते वाण कसलं? आणि निम्म्याअधिक बायकांना तर इथे मतच नाही, त्या व्हिसावर आहेत. ह्यांच्या त्या हॅगर्टीसाहेबांच्या बायको आल्या असत्या ना, तर त्यांनाही दिला असता. कुंकू लावल्याशिवाय सोडलं नसतं."

वानखेडेबाईंनी शब्दन् शब्द सांगितला. आधी अध्यक्षबाईंच्या ओठाचा कोपरा हलला, मग खोलीत कोणीतरी फसकन हसलं, आणि मागे वळून पाहिलं तर लिंडा रडता रडता हसत होती.

निकाल द्यायला त्यांना फार वेळ लागला नाही. वस्तू निवडणुकीसाठी बनवलेली नाही, घरच्या वार्षिक सणात मतदार आणि बिगरमतदार सर्वांना सारखी दिली गेली आहे, तक्रार फेटाळण्यात येते. "मात्र उमेदवारांनी तिळगूळ देताना विनोद आवरावेत," असं अध्यक्षबाई म्हणाल्या. तिळगूळ हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की तो मला तेवढाच गोड वाटला. मी डॉनाला मिठी मारली. नंतर कळलं की तिच्या कोटाच्या खिशात कॉफीचा कप होता.

बाहेर पार्किंगमध्ये बर्फ थांबला होता. पेपरवाल्यांना डॉनाने दारातच अडवलं होतं. केतकी गाडीपाशी आली आणि आईसमोर उभी राहिली.

"आई. तू ते ठेवले होतेस? इतकी वर्षं?"

"ठेवले होते."

"मी परत ठरवीन म्हणून?"

"हो," कुमुद म्हणाली. "खोटं कशाला बोलू? दर उन्हाळ्यात एकदा खोके उघडून पुसून ठेवायचे. म्हटलं, कधी लागतील सांगता येत नाही."

मी गाडीची किल्ली शोधायचं नाटक करू लागलो.

"मग आता का दिलेस?"

"तू उमेदवारीच्या अर्जावर सही केलीस ना, त्या दिवशी," कुमुद म्हणाली. "आम्ही मागे उभे होतो. साखरपुड्याला अंगठी घालताना तुझा हात थरथरत होता गं. मी बघितलं होतं आणि गप्प बसले. म्हटलं, होतं मुलींचं असं. त्या अर्जावर सही करताना तुझा हात जरासुद्धा हलला नाही. तेव्हा मला वाटलं, हिचं ठरलं. घरातलं कार्य ठरलं. आता भांडी कशाला अडवून ठेवायची? कार्य ठरलं की वाटायची."

"म्हणजे तू आता वाट बघत नाहीस?"

"कशाची? बेसमेंटमध्ये केवढी जागा अडली होती."

केतकी आधी हसली. मग तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने, लाज न बाळगता रडली. कुमुद तिच्या पाठीवर थोपटत राहिली. "मला वाटायचं, मी तुला काहीतरी देणं लागते," केतकी म्हणत होती. "दर वेळी घरी येताना वाटायचं." कुमुद म्हणाली, "वेडी कुठली. डोळे पूस, काजळ माझ्या साडीला लागतंय." मी किल्ली शोधतच राहिलो, कारण मला आता खरंच काही दिसत नव्हतं.

लिंडा दोन दिवसांनी मंडळाकडून आलेला डबा परत द्यायला आली. कुमुदने तो घेतला नाही. वाण परत घेत नाहीत, हे तिने लिंडाला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. लिंडा डबा घेऊन गेली आणि तासाभराने त्यात कुकीज भरून घेऊन आली. तेवढ्या कुकीज घ्यायला कुमुदची हरकत नव्हती.

केतकी मार्चची फेरी जिंकली. नोव्हेंबरची मुख्य निवडणूक तर तिने अशी जिंकली की डॉनाने मतमोजणी संपायच्या आत नवं च्युइंगगम तोंडात टाकलं. शपथविधी जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी आला.

राज्याच्या त्या मोठ्या इमारतीच्या दारात पहारेकऱ्याने कुमुदची पर्स तपासली. आतून स्टीलचा डबा निघाला. एक तिने मागे ठेवला होता, हे तिने मलाही सांगितलं नव्हतं. पहारेकऱ्याने झाकण उघडलं, तिळाचे लाडू पाहिले, डबा फिरवून अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय लिहिलंय?"

मी काहीतरी सारवासारव करणार होतो. पण कुमुदच आपल्या इंग्रजीत म्हणाली, "माझ्या मुलीचं नाव. आज तिचं कार्य आहे."

त्याने तिचं अभिनंदन केलं आणि आम्हाला आत सोडलं.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो. डबा कुमुदच्या मांडीवर होता. न्यायाधीश पुढे आले आणि केतकीने उजवा हात वर केला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. कुमुदही तिकडेच बघत होती. शपथ लांबलचक होती, पण हात शेवटपर्यंत तसाच राहिला.

"बघितलंत ना?" कुमुद कुजबुजली.

"बघितलं."

"मग धरा हा डबा, मला डोळे पुसू द्या. आणि लाडू खाऊ नका, तिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही."